साथीच्या काळातल्या अफवा : नगर जिल्ह्यातला तबलिगी खटला आणि त्यामागचे मेसेज

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एक निकाल दिला. न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांच्यापुढचं हे प्रकरण आपल्या नगर जिल्ह्यातलं होतं (जिल्ह्याचं नाव तेव्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर). आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबुती, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांतून आलेले २९ परदेशी, सहा भारतीय आणि त्यांना आसरा देणाऱ्या मस्जिदींचे विश्वस्त यांच्यावर जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले होते. आरोप असा की हे लोक टुरिस्ट व्हिसावर आले, धर्मप्रचार केला, लॉकडाऊन मोडून मस्जिदीत राहिले आणि कोरोना पसरवण्याचा धोका निर्माण केला. भारतीय दंड संहिता, साथरोग कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा, परदेशी नागरिक कायदा, सगळी कलमं लावली होती.

खंडपीठाने हे गुन्हे रद्द केले. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाने धार्मिक स्थळाला भेट देणं, तिथल्या धार्मिक कार्यक्रमाला बसणं यावर बंदी नव्हती. कोणाचं धर्मांतर केल्याचा पुरावा नव्हता. न्या. नलावडे यांनी निकालात पुढे जे लिहिलं ते या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. दिल्लीच्या मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध छापील माध्यमांत आणि टीव्हीवर मोठा प्रचार झाला, देशात साथ पसरवायला हेच लोक जबाबदार आहेत असं चित्र उभं करण्याचा प्रयत्न झाला आणि संकटाच्या वेळी बळीचा बकरा शोधला जातो तसे हे लोक निवडले गेले असण्याची शक्यता आहे, असं त्यांनी नोंदवलं. झालेलं नुकसान भरून काढायला पावलं उचलावीत, असंही म्हटलं. न्या. सेवलीकर यांना निकाल मान्य होता, पण त्यातली काही निरीक्षणं मान्य नव्हती आणि त्यांनी तसं वेगळं नोंदवलं. निकालाबद्दल बोलताना आपल्याकडे ही गोष्ट सहसा गाळली जाते. ती गाळू नये, कारण अर्धी बातमी सांगण्याबद्दलच तर आपली तक्रार आहे.

मार्चअखेर मेसेज सुरू झाले आणि निकाल ऑगस्टमध्ये आला. मधले जवळपास पाच महिने अफवेकडे मोकळं मैदान होतं. दिल्लीत तर आणखी वेळ लागला. १५ डिसेंबर २०२० ला तिथल्या न्यायालयाने ३६ परदेशी जमातींना निर्दोष सोडलं आणि परदेशी लोकांना आसरा दिल्याच्या आरोपातल्या ७० भारतीयांवरची १६ आरोपपत्रं दिल्ली उच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी रद्द केली. म्हणजे पाच वर्षं. यातल्या किती निकालांचे मेसेज आपल्या गावच्या ग्रुपवर आले ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

मार्च २०२० मध्ये नेमकं काय झालं

आधी जे खरं होतं ते. निजामुद्दीनच्या मरकजमध्ये मार्चच्या मध्यावर मोठा इज्तेमा झाला. दिल्ली सरकारने १३ मार्चला २०० पेक्षा जास्त लोकांच्या कार्यक्रमांवर आणि १६ मार्चला ५० पेक्षा जास्त लोकांच्या धार्मिक जमावावरही बंदी घातली होती. तिथे आलेल्या लोकांमध्ये संसर्ग झाला, ते वेगवेगळ्या राज्यांत परतले आणि त्यांच्यामार्फत साथ पुढे गेली, हे नाकारता येत नाही. मरकजच्या जबाबदार मंडळींनी वेळीच इज्तेमा थांबवायला हवा होता, हे माझं स्पष्ट मत आहे. परत आलेल्यांपैकी काहींनी भीतीपोटी तपासणी टाळली, हेही झालं.

पण त्याच १३ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालय सांगत होतं की कोरोना ही आरोग्य आणीबाणी नाही. संसदेचं अधिवेशन २३ मार्चपर्यंत चालू होतं. गाफील सगळेच होते. लॉकडाऊन लागल्यावर लॉज बंद, गाड्या बंद, विमानं बंद. परदेशी माणूस मस्जिदीतच अडकणार, दुसरीकडे जाणार कुठे?

हा निष्काळजीपणाचा प्रकार होता. सोशल मीडियावर त्याचा कट झाला. ‘कोरोना जिहाद’ हा शब्द २८ मार्चपासून ट्विटरवर फिरू लागला. ‘इक्वॅलिटी लॅब्ज’ या संस्थेची आकडेवारी टाइम मासिकाने दिली होती, त्यानुसार ३ एप्रिलपर्यंतच्या एका आठवड्यात तो हॅशटॅग जवळपास तीन लाख वेळा आला आणि साडेसोळा कोटी लोकांपर्यंत पोहोचला असण्याची शक्यता होती. हे फक्त ट्विटरचं. आपल्याकडच्या खेड्यात ट्विटर कोण बघतो? इथे सगळं व्हॉट्सअॅपवर येतं आणि व्हॉट्सअॅपची मोजदाद बाहेरच्या कोणालाच करता येत नाही.

तीस टक्क्यांचं गणित

या सगळ्या काळात सर्वांत जास्त परिणाम एका खऱ्या आकड्याने केला. १८ एप्रिल २०२० रोजी आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ रुग्ण, म्हणजे २९.८ टक्के, तबलिगी कार्यक्रमाशी संबंधित आहेत. आकडा सरकारी होता, खोटा नव्हता. तरी त्यातून लोकांनी काढलेला अर्थ चुकीचा होता. तो का, हे नीट समजून घेऊ, कारण पुढच्या साथीत असाच आकडा दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर येईल.

वर्गात शेकडेवारी शिकवताना मी मुलांना आधी विचारतो, कशाच्या शंभरात? इथे उत्तर आहे : तपासणी होऊन पॉझिटिव्ह सापडलेल्यांच्या शंभरात. आजारी असलेल्यांच्या शंभरात नाही. मार्च-एप्रिलमध्ये तपासणी किट कमी होते. परदेशातून आलेले, रुग्णांच्या संपर्कातले, आरोग्य कर्मचारी, श्वसनाच्या गंभीर त्रासाने दवाखान्यात दाखल झालेले, एवढ्यांचीच टेस्ट व्हायची. साध्या खोकल्या-तापाच्या माणसाला टेस्ट मिळतच नव्हती. मरकजहून आलेल्यांना मात्र गावोगाव शोधून, लक्षणं असोत-नसोत, तपासलं गेलं. साथ आटोक्यात आणायला ते योग्यच होतं.

आता समजा एका गावात दोन वाड्या आहेत. दोन्हीकडे हजार-हजार माणसं, दोन्हीकडे पन्नास-पन्नास आजारी. पहिल्या वाडीतल्या हजारही जणांना तपासलं, पन्नासच्या पन्नास सापडले. दुसऱ्या वाडीत फक्त वीस जणांना तपासलं, सगळेच आजारी निघाले असं धरू. फळ्यावर काय लिहिलं जाईल? गावातले ७० रुग्ण, त्यातले ५० पहिल्या वाडीचे, म्हणजे ७१ टक्के. दोन्ही वाड्या सारख्याच आजारी असून पहिली वाडी बदनाम. चूक बेरजेत नाही. कुठे पाहिलं आणि कुठे पाहिलं नाही, हे सांगितलं नाही, तिथे चूक आहे.

शिवाय दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमाची, लग्नाची, यात्रेची, विमानाची अशी वेगळी टक्केवारी रोज जाहीर होत नव्हती. एकाच गटाचा आकडा रोज वाचला की डोक्यात तोच बसतो.

याच्या उलट बाजूनेही एक मेसेज नंतर फिरला. डिसेंबर २०२० मध्ये देशातले रुग्ण एक कोटीवर गेले, त्यात ४,२९१ म्हणजे ०.०४ टक्के, मग जमातीमुळे काहीच झालं नाही! आपल्या बाजूचा असला तरी हा हिशेबही कच्चाच आहे. एकापासून पुढे किती जणांना लागण झाली ते यात येत नाही.

व्हिडिओ कुठले होते

आकड्यावर लोक वाद घालतात, डोळ्यांनी पाहिलेल्यावर घालत नाहीत. म्हणून व्हिडिओचं काम जास्त झालं. तेव्हाचे काही व्हिडिओ आणि त्यांची खरी ओळख इथे नोंदवून ठेवतो, कारण ते अजूनही अधूनमधून वर येतात.

ताटं-चमचे चाटणारी माणसं : ‘मुसलमान भांड्यांना थुंकी लावून कोरोना पसरवतात’ असं त्याखाली लिहिलेलं असायचं. ती दाऊदी बोहरा समाजातली मंडळी होती. जेवणाचा कणही वाया जाऊ नये म्हणून ताट पुसून-चाटून साफ करण्याची त्यांची पद्धत आहे. व्हिडिओ २०१८ पासून इंटरनेटवर होता. कोरोनाचा तेव्हा जन्मही नव्हता.

पोलिसावर थुंकणारा माणूस : ‘निजामुद्दीनचा जमाती’ म्हणून हा सगळ्या देशात पोहोचला. प्रत्यक्षात तो मुंबईतला एक कच्चा कैदी होता, पोलिसांच्या गाडीतला प्रसंग आणि तारीख फेब्रुवारीच्या अखेरची. मरकजचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही.

मस्जिदीत एकत्र ‘शिंकणारे’ लोक : ती सूफी पद्धतीच्या जिक्रची बैठक होती, त्यात जोरजोराने श्वास घेतात-सोडतात. ज्याने कधी जिक्र पाहिला नाही त्याला ते शिंकणं वाटू शकतं. पाठवणाऱ्याने मात्र विचारण्याची तसदी घेतली नाही.

बोटं चाटून फळं लावणारा म्हातारा फळवाला : हा मध्य प्रदेशातल्या रायसेनचा, फेब्रुवारीतला. त्याची ती वागणूक घाणेरडीच होती, पण त्याचा साथीशी संबंध जोडला गेला तो दीड महिन्यानंतर, एप्रिलमध्ये. आणि त्याची किंमत मोजली दुसऱ्याच फळवाल्यांनी.

याशिवाय टीव्हीवरच्या बातम्या. सहारनपूरमध्ये विलगीकरणातल्या जमातींनी मांसाहाराची मागणी करून गोंधळ घातला, या बातमीची चौकशी करून तिथल्या पोलिसांनी ती खोटी असल्याचं जाहीर केलं. फिरोजाबाद पोलिसांनीही दगडफेकीची एक बातमी अशीच खोडून काढली आणि एका वृत्तवाहिनीला ट्वीट काढायला सांगितलं. खुलासे झाले, पण पोलिसांच्या हँडलवर. बातमी पाहिलेल्यांच्या घरात ते पोहोचले नाहीत.

जमियत उलमा-ए-हिंदने या वार्तांकनाविरुद्ध एप्रिल २०२० मध्येच सुप्रीम कोर्टात याचिका केली. ८ ऑक्टोबरच्या सुनावणीत तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी केंद्राच्या प्रतिज्ञापत्राला टाळाटाळ करणारं म्हटलं आणि अलीकडच्या काळात भाषणस्वातंत्र्याचा सर्वांत जास्त गैरवापर झाला आहे, अशा अर्थाचं मतही व्यक्त केलं. २ सप्टेंबर २०२१ ला पुढचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनीही बातम्यांना धार्मिक रंग देण्याबद्दल नाराजी बोलून दाखवली.

महाराष्ट्रात रस्त्यावर काय उतरलं

मीरा रोडजवळच्या काशिमीरा भागात एप्रिल २०२० मध्ये एका माणसाने दारात आलेला किराणा घ्यायला नकार दिला, कारण आणून देणारा मुलगा मुस्लिम होता. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. ही पोलिसांपर्यंत गेलेली घटना. हातगाडीवाल्याला ‘नाव काय रे तुझं?’ विचारून परत पाठवणाऱ्या घटनांची नोंद कोण ठेवतो?

१४ एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर हजारो मजूर जमले. गावी जायला गाडी मिळेल अशी त्यांची समजूत झाली होती. रेल्वेबाबतच्या बातमीवरून एका मराठी वृत्तवाहिनीच्या पत्रकाराला अटकही झाली, नंतर जामीन मिळाला. जमाव स्टेशनजवळच्या मस्जिदीसमोरच्या मोकळ्या जागेत होता, एवढ्यावर ‘मस्जिदीतून बोलावलं’ अशी दुसरी अफवा तयार. लोक उपाशी होते आणि त्यांना घरी जायचं होतं, एवढं साधं कारण कोणाला पुरेना.

दोनच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने ठार मारले. त्या भागात मुलं पळवणाऱ्या, किडन्या काढणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे मेसेज काही दिवस फिरत होते आणि लोक रात्री पहारे देत होते. अफवेने तीन जीव घेतले. मग त्याच घटनेच्या व्हिडिओवर दुसरी अफवा उभी राहिली. मागून कोणीतरी ‘ओय बस’ म्हणतो, ते ‘शोएब बस’ आहे असं सांगून मारणारे मुस्लिम असल्याचं पसरवलं गेलं. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी २२ एप्रिलला जाहीर केलं की अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही. त्याआधी, १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून असंच मारलं होतं. ज्याची ओळख पटत नाही, ज्याच्याबद्दल आधीच संशय आहे, त्याच्या अंगाला अफवा चिकटते. राईनपाड्यात ते भटके होते, गडचिंचल्यात परगावचे साधू होते, २०२० च्या एप्रिलमध्ये देशभर आपण होतो.

अफवेला पोटापाण्याशीही देणंघेणं नसतं. फेब्रुवारी २०२० मध्ये, देशात मोजून तीन रुग्ण असताना, ‘चिकनमधून कोरोना होतो’ असा मेसेज आला. राज्यातल्या पोल्ट्रीवाल्यांचा भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेला, कोंबड्या फुकट वाटायची वेळ आली. तेलंगणात तर मंत्र्यांना स्टेजवर चिकन खाऊन दाखवावं लागलं. यात पोल्ट्रीवाला शेतकरी बहुतेक हिंदू, दुकानदार बहुतेक मुस्लिम, बुडाले दोघेही.

त्याच एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या आझम कॅम्पसने आपल्या आवारातल्या मस्जिदीची जागा विलगीकरणासाठी देऊ केली. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये गोळा करून सरकारी दवाखान्यात आयसीयू उभा केला, ईदच्या दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचं ऑनलाइन उद्घाटन केलं. हे व्हिडिओसुद्धा होते. फिरले थोडे.

आपल्या मोहल्ल्यातल्या अफवा

आता दुसरी बाजू. आपल्यावर अफवा झाल्या म्हणून आपण अफवा पसरवल्या नाहीत, असं होत नाही.

१ एप्रिल २०२० ला इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. पथकातल्या दोन महिला डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच भागात कामाला गेल्या, त्यांची हिंमत मोठी. नंतर तिथल्या मुस्लिम समाजातर्फे वर्तमानपत्रात माफीची जाहिरात आली. मागे मेसेजच होते : धडधाकट माणसांना उचलून नेतात, इंजेक्शन देतात.

याला जमीन कशी तयार झाली तेही पाहू. १ एप्रिल २०२० पासून जनगणनेची घरयादी आणि एनपीआरचं काम सुरू होणार होतं, २५ मार्चला ते पुढे ढकललं गेलं. आधीचे तीन-चार महिने सीएए-एनआरसीच्या विरोधात आंदोलनं चालू होती, ‘कागद दाखवू नका’ हे घराघरात पोहोचलेलं. आणि नेमकं त्याच वेळी आशाताई, अंगणवाडी सेविका आणि आम्ही शिक्षक रजिस्टर घेऊन दारात उभे राहिलो : घरात किती माणसं, नावं काय, वय किती, बाहेरगावाहून कोण आलंय. घरातल्यांना शंका येणं समजण्यासारखं होतं. ती दूर करायला कोणी ओळखीचं माणूस आधी गेलं असतं, मस्जिदीच्या स्पीकरवरून दोन वाक्यं उर्दूत-मराठीत सांगितली असती तर काम निम्म्या वेळेत झालं असतं. जिथे हे केलं तिथे झालंही.

मग लस आली. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, पण मेसेज डिसेंबरपासूनच होते. लशीत डुकराची चरबी आहे. लशीने मूल होत नाही. लशीत चिप आहे. पहिल्या मुद्द्याचं उत्तर असं : काही लशींत टिकण्यासाठी डुकरापासूनचं जिलेटिन वापरतात हे खरं आहे, पण आपल्याकडे दिलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्हींत ते नव्हतं. आणि असतं तरी, दुसरा पर्याय नसेल तर जीव वाचवण्यासाठी लस घ्यायला हरकत नाही, असा निर्वाळा संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा कौन्सिलने डिसेंबर २०२० मध्येच दिला होता. मूल न होण्याच्या अफवेला देशाचे औषध महानियंत्रक व्ही. जी. सोमाणी यांनी ३ जानेवारी २०२१ ला साफ बकवास म्हटलं होतं. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना जाहीरपणे सांगावं लागलं की मुस्लिमबहुल भागांत लसीकरण मागे आहे आणि लोकांना समजवायला सलमान खानची मदत घेऊ. मालेगाव तेव्हा सतत बातम्यांत होतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जून २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रक्त आहे असा मेसेज दुसऱ्या ग्रुपांत फिरला. वासराच्या रक्तातला द्रव पेशी वाढवण्याच्या टप्प्यात वापरतात, नंतर तो धुऊन निघतो, तयार लशीत राहत नाही, असा खुलासा सरकारने केला. डुक्कर आणि गाय, दोघांनाही एकाच लशीत शोधून झालं! त्याच महिन्यात नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे-नाणी चिकटू लागल्याचा व्हिडिओ राज्यभर गेला. घामट, तेलकट त्वचेवर गुळगुळीत वस्तू अशीच चिकटते, लस न घेतलेल्याच्याही अंगाला चिकटते, पावडर लावली की पडते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे करून दाखवलं. मुलांना सांगा, घरी करून बघतील.

नसबंदीची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही, तिला इतिहास आहे. आणीबाणीत सक्तीची नसबंदी झाली होती, ती पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. पाकिस्तानात २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढायला सीआयएने काविळीच्या लसीकरणाचं सोंग वापरलं, त्यानंतर तिथे पोलिओ लशीवरचा भरवसा उडाला. भीतीच्या मुळाशी खरी घटना असते म्हणून ती अफवा लवकर पटते. २००२ मध्ये भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण निघाले, त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशात, आणि त्यात मुस्लिम मुलांचं प्रमाण मोठं होतं. ‘डोस पाजला की मूल नपुंसक होतं’ ही अफवा तेव्हा तिथे होती. ती हटवायला अलीगढ, जामिया मिल्लिया, जामिया हमदर्द या विद्यापीठांतले लोक युनिसेफसोबत गल्लोगल्ली फिरले, इमामांनी जुम्याला ऐलान केले, मदरशांच्या मुलांनी घरोघरी बोलावणं केलं. १३ जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओचा रुग्ण नाही आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

सव्वाशे वर्षांपूर्वी, मोबाइल नसताना

अफवेचा दोष सगळा मोबाइलवर टाकायचा मोह होतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा मोबाइल नव्हता. तरी ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या दवाखान्यावर हल्ला केला, कारण तिथे माणसं मारतात अशी बोलवा होती. ९ मार्च १८९८ ला एका जुलाहा, म्हणजे मुस्लिम विणकर घरातली आजारी मुलगी प्लेगच्या पथकाला दवाखान्यात न्यायची होती, घरच्यांनी नकार दिला आणि त्यातून शहरात दंगल झाली, गोळीबार झाला. लोकांची भीती अगदीच खोटी नव्हती, पथकं घरात घुसून बायकांची तपासणी करत होती. पुण्यात त्याच रागातून २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्या काळातली एक गोष्ट आपल्या वाचकांना कमी माहीत असेल. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते. तेव्हा खोजा जमातीचे तरुण इमाम आगा खान तिसरे यांनी सगळ्यांसमोर लस टोचून घेतली आणि त्यांच्या जमातीतले लोक पुढे आले.

मेसेज तपासायचा कसा

जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये या प्रकाराला ‘इन्फोडेमिक’ म्हटलं होतं, म्हणजे माहितीची साथ. ती जीव घेते. इराणमध्ये दारूने कोरोना जातो या समजुतीने लोक मिथेनॉल प्यायले आणि एप्रिल २०२० पर्यंत सातशेहून अधिक माणसं मेली.

कुरआनमध्ये सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बेभरवशाच्या माणसाने आणलेली खबर तपासून घेण्याचा हुकूम आहे, आपले उलेमा त्यासाठी ‘तबय्युन’ हा शब्द वापरतात. मोबाइलवर तो असा पाळता येतो. मेसेजवर दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड’ असं लिहिलेलं दिसलं की तो पाच किंवा जास्त हातांतून आलेला आहे, पाठवणाऱ्याने स्वतः काही पाहिलेलं नाही. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे जातो. हे बंधन व्हॉट्सअॅपने ७ एप्रिल २०२० ला घातलं आणि त्यानंतर असे फॉरवर्ड ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. म्हणजे नुसता हात थांबवला तरी एवढा फरक पडतो.

व्हिडिओ आला तर आवाज बंद करून एकदा बघा. मग खालचं लिहिलेलं विसरून दुकानाच्या पाट्या कोणत्या भाषेत आहेत, गाड्यांचे नंबर कुठले आहेत, लोकांनी स्वेटर घातलेत का, मास्क आहेत का, हे पाहा. एक फ्रेम थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्सवर टाका, तोच फोटो आधी कधी कुठे आला ते बहुतेक वेळा सापडतं. आठवी-नववीची मुलं हे पाच मिनिटांत शिकतात. मराठीत फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर ही पडताळणीची संकेतस्थळं आहेत, हिंदी-इंग्रजीत ऑल्ट न्यूज आणि बूम. सरकारी योजना किंवा सरकारी आदेशाचा मेसेज असेल तर पीआयबी फॅक्ट चेकच्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सअॅप नंबरवर विचारता येतं. मात्र ते केंद्र सरकारशी संबंधित बाबीच तपासतात. तिसगावच्या दवाखान्यात लस आली का, हे दवाखान्यात जाऊनच विचारावं लागेल.

ऑडिओ क्लिप सर्वांत अवघड. ‘मी अमुक दवाखान्यातून डॉक्टर बोलतोय’ असं म्हणणाऱ्याचा चेहरा नाही, तारीख नाही. तिला एकच कसोटी : नाव, हुद्दा आणि दवाखाना सांगितलाय का, आणि त्या दवाखान्यात फोन करून विचारता येतं का. नसेल तर ती क्लिप आपल्यापाशीच राहू द्या. मग ती आपल्या मनासारखी बोलत असली तरी.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खोटी माहिती किंवा अफवा पसरवून भीती वा दोन समाजांत वैर निर्माण करणं कलम ३५३ मध्ये येतं, इलेक्ट्रॉनिक माध्यमातून केलेलंही त्यात धरलं आहे. धर्म-जातीवरून द्वेष पसरवण्यासाठी कलम १९६ आहे. आपत्तीबाबत खोटी घबराट पसरवणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ग्रुप अॅडमिन विचारतात, दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी आम्हाला धरतील का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्याच्या पोस्टसाठी निव्वळ अॅडमिन असल्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा हेतू एक होता हे दिसावं लागतं. तरी मेसेज काढून टाकण्याची सोय अॅडमिनकडे आहे, ती वापरावी.

समाजाविरुद्धचा मेसेज आला तर रागाने दहा ग्रुपांवर ‘बघा काय चाललंय’ म्हणून टाकू नका, त्याने तो आणखी दहा ठिकाणी पोहोचतो. स्क्रीनशॉट घ्या. त्यात पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. व्हिडिओ असेल तर मूळ फाइल सेव्ह करा, लिंक असेल तर ती पूर्ण कॉपी करून ठेवा, कारण पोस्ट डिलीट झाली की पुरावा जातो. मग लेखी अर्ज पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा. अर्जात मेसेज जसाच्या तसा लिहा, त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगत बसू नका. खरी माहिती काय आहे त्याची एक प्रत सोबत जोडली तर ठाण्यातल्या माणसाचंही काम सोपं होतं.